नऊ नंबरचा नॉर्मल

डॉ. अविनाश बिवलकरांचा गौरव अंक निघतोय. त्यासाठी ‘सरांमधला माणूस’ या विषयावर मी लिहावं, असा फोन आला. फोन करणारा सरांचाच जुना विद्यार्थी. आता तोही कुठेतरी डायरेक्टर आहे. मी म्हटलं, "अरे, दुसरा विषय दे. सरांचे टाय दे, सरांचे परदेश दौरे दे. या विषयावर माझं अर्धं पान भरायचं नाही." तो हसला. म्हणाला, "काय मॅडम तुम्ही पण! एवढी वर्षं त्यांच्याबरोबर काढलीत. काहीतरी हृद्य असेलच की."

असेलच की. घ्या मग हृद्य. छापणार नाहीत हे मला ठाऊक आहे, पण मागितलंय तर देते.

मी कदम. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आणि आमच्या घरात गुळमुळीत बोलायची पद्धत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी संख्याशास्त्र शिकले आणि महाप्याच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून आत वळलं की एका बाजूला रंगाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला काचांचं कॉल सेंटर आणि मध्ये आमची बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावर बिवलकरांची लॅब. तिथले आकडे मी बघायचे.

सरांचा विषय लुपस. सोपं करून सांगायचं तर, शरीरानं बाहेरच्या जंतूंशी लढायला ठेवलेली फौज एक दिवस घरच्यांवरच उलटते. सांधे, कातडी, किडनी, जे सापडेल त्याला चावत सुटते. बहुतेक करून बायकांना होतो, तोही ऐन उमेदीच्या वयात. सरांचं प्रत्येक भाषण "लुपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा" या वाक्यानं सुरू व्हायचं. शाळेत, रोटरीत, सोसायटीच्या हळदीकुंकवात, सगळीकडे लांडगा. दुसरी स्लाइड ठरलेली. एका बाईचा चेहरा, दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा, फुलपाखरानं पंख पसरावेत तसा. सर त्यावर लाल ठिपक्याचा लेझर फिरवायचे आणि म्हणायचे, "बघायला शिका. हा आजार तोंडावर लिहिलेला असतो." टाळ्या.

दिसायला रुबाबदार माणूस. उंच, गोरा, पांढरे केस मागे वळवलेले. महाप्याच्या त्या घामट उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टाय. दुपारी केबिनचं दार लावून कापलेली फळं काट्यानं खायचे. केबिनच्या भिंतीवर गोऱ्या साहेबांबरोबरचे फोटो आणि मधोमध चौकटीत एका स्लाइडचा फोटो, काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या चमकणाऱ्या पेशी. लोकांच्या घरी गणपती असतो तसा तो. रोज सकाळी स्वतःच्या रुमालानं पुसायचे.

माणसांकडे मात्र ते बघायचेच नाहीत. समोरचा बोलत असला की यांची नजर त्याच्या डोक्यावरून मागच्या घड्याळाकडे. नावं लक्षात ठेवायची नाहीत. "ए पीएचडी, इकडे ये." "अकाउंट्सला सांगा." ड्रायव्हरला "गाडी" म्हणायचे. गाडी, चला! मला कदम म्हणायचे, तेही आकडे चुकवायची सोय नव्हती म्हणून. काचेच्या नळीशी मात्र किती गोड बोलायचे! नळी उजेडात धरून, डोळे बारीक करून, "काय म्हणताय आज?" त्यांचं एक लाडकं वाक्य होतं, "डेटा बोलतो, माणसं बडबडतात." ते त्यांनी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. काही येडे ते वहीत उतरवूनही घ्यायचे.

आता खोटं कशाला बोलू, माणूस हुशार होता. खरंच हुशार. माझा राग आहे तो त्यामुळेच. मठ्ठ असता तर सोडून दिलं असतं. रक्तातलं सिरम पेशींवर टाकायचं, त्यात चमकणारा रंग घालायचा आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. लुपस असेल तर पेशी हिरव्या पेटतात, नसेल तर काळंकुट्ट. ते हिरवं कसं पेटतं, कडेनं की ठिपक्याठिपक्यांनी, यावरून सर अशा गोष्टी ओळखायचे की बाकीचे तोंडात बोट घालायचे. एकदा बाहेरून एक स्लाइड आली. तीन ठिकाणी वेगवेगळं निदान झालेलं. सरांनी गादीच्या स्टुलावर बसून (तो स्टूल फक्त त्यांचा) क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "सगळे गाढव आहेत. हे लुपस नाहीच." आणि नव्हतंच. औषध बदललं, पेशंट सुधारला. त्याची बायको फोनवर रडत आभार मानायला लागली. सरांनी फोन माझ्याकडे दिला. म्हणाले, "कोण बाई आहेत, बघा जरा. कुठल्यातरी पेशंटबद्दल बोलतायत."

पेढ्यांचा किस्सा तर आमच्या मजल्यावर सगळ्यांना पाठ. साताऱ्याकडचा एक बाप पेपरात सरांचं नाव वाचून मुलीला घेऊन थेट लॅबमध्ये आला. पोरगी कॉलेजातली, केस विरळ झालेले, बोटं सुजलेली. सरांनी तिच्याकडे बघितलं नाही, रक्त घ्यायला लावलं. संध्याकाळी स्लाइड बघून बाहेर आले ते आनंदानं लाल होऊन. बापाचा हात हातात घेतला. कधी नव्हे तो! म्हणाले, "तुमच्या मुलीचं सिरम अप्रतिम आहे. इतकं सुंदर मी गेल्या कित्येक वर्षांत बघितलं नाही." तो बिचारा गहिवरला. खाली उतरला, पेढ्यांचा बॉक्स घेऊन वर आला आणि सगळ्यांना पेढे वाटत सुटला. "पोरीचं रिपोर्ट एकदम झकास आलंय म्हनं!" सरांनी पेढा घेतला, खाल्ला, बोटं रुमालाला पुसली आणि आत गेले. त्या माणसाला शेवटी जयश्रीनं बाजूला नेऊन, पाणी देऊन, नीट समजावून सांगितलं. तिला यायला उशीर झाला तेव्हा मी जिन्यात जाऊन बघितलं. तो पायरीवर बसून रडत होता आणि ही त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

जयश्री म्हात्रे. आमच्या लॅबची टेक्निशियन, नावड्याची. नवरा दिलीप तळोज्याच्या कारखान्यात. वर्षावर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर होती आणि दरवर्षी सर सही करायला विसरायचे, मग ही दारात उभी. हसरी बाई. डब्यात जवळा आणायची आणि म्हणायची, "कदमताई, जरा चाखून बगा, तुमच्या घाटावर नाय मिलनार." रक्त काढण्यात हात असा हलका की सुई गेल्याचं कळायचं नाही. सरांना तिचं नाव पाठ होतं, कारण सगळ्यात जास्त ओरडायला तीच लागायची.

आता ‘नॉर्मल’चं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

आजारी माणसाच्या रक्ताची तुलना करायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते आणायचं कुठून? आमच्याकडची रीत अशी, स्टाफचं घ्यायचं. ऑफिसच्या ऑफिसमध्ये निरोगी माणसं फुकट बसलेली असताना बाहेर कशाला जायचं? दर काही महिन्यांनी सर फर्मान काढायचे, "नॉर्मल्स हवेत." मग आम्ही रांगेत. मी, पीएचडीची पोरं, वॉचमन, ‘गाडी’, सगळे. अकाउंट्सचे कुलकर्णी संडासात जाऊन बसायचे, त्यांना बाहेरून दार वाजवून आणायचं. रक्त दिलं की कॅन्टीनचा वडापाव आणि चहा. सही नाही, कागद नाही, विचारणं नाही. नोकरीचाच भाग. जयश्री सगळ्यांचं काढायची आणि शेवटी स्वतःचं काढायला पीएचडीच्या मुलीपुढे हात करायची.

सर स्वतः कधी रांगेत आले नाहीत. एकदा बाहेर देशातून एक बाई आल्या होत्या, मोठ्या शास्त्रज्ञ. त्या सहज म्हणाल्या की आमच्याकडे प्रमुखही रक्त देतात, चला, तुमचंही घेऊ. सर हसत हसत खुर्चीत बसले, बाही वर केली, जयश्रीनं कापूस लावला आणि महाशय आडवे! टायसकट जमिनीवर. तोंडावर पाणी मारून उठवलं तर म्हणतात, "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं." केबिनमध्ये फळांच्या साली होत्या. ज्यानं हजारो लोकांचं रक्त ओढलं त्याला एक सुई सोसवेना. मी त्या दिवशी घरी जाऊन पोट धरधरून हसले, नाही म्हणणार नाही.

तर, आमच्या नळ्या नावासकट सरांच्या केबिनमध्ये जायच्या आणि नाव जाऊन नंबर चिकटवून बाहेर यायच्या. प्रत्येकाचा नंबर कायमचा ठरलेला, पण कुणाचा कोणता ती यादी सरांच्या कपाटात, कुलपात. याला ते ब्लाइंडिंग म्हणायचे, म्हणजे तपासणाऱ्याच्या मनात आधीपासून काही नको. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. उरलेलं सिरम उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं साठवून ठेवायचे.

एकदा अंधाऱ्या खोलीतून सरांचा आवाज आला, "हा काय गाढवपणा आहे?" आम्ही धावलो. सगळे नॉर्मल काळेकुट्ट, आणि नऊ नंबर हिरवागार पेटलेला. सर जयश्रीवर तुटून पडले. "तू नळ्या बदलल्यास. पेशंटचं सिरम नॉर्मलमध्ये घातलंस. डोकं घरी ठेवून येतेस का?" ती खाली मान घालून उभी. म्हणाली, "नाय सर, मी बरोबर लावल्यान." परत करायला लावलं. परत नऊ नंबर पेटला.

मी म्हटलं, "सर, नऊ नंबर कुणाचा आहे ते बघा ना. काही असेल तर त्या माणसाला सांगायला हवं."

"कदम, निरोगी माणसातही कधीकधी दिसतं असं. आणि मी नावं बघत नाही. ब्लाइंडिंग म्हणजे ब्लाइंडिंग. तो आउटलायर आहे. ग्राफ घाण करतोय, काढून टाका."

"कारण लिहिल्याशिवाय मी काढणार नाही."

"मग मी काढतो," म्हणाले, आणि माझ्या कॉम्प्युटरवर वाकून स्वतःच्या हातानं ती ओळ पुसली. त्याच्या पुढच्या वेळीही नऊ नंबर पेटला, आणखी जोरात. मी परत विचारलं, त्यांनी परत पुसली. निरोगी माणसात थोडंफार दिसतं हे खरं. पण दरवेळी वाढत जाणारं? सरांनी आयुष्यभर दुसरं केलं काय होतं? हेच तर बघितलं होतं!

त्याच सुमाराला जयश्रीचं तोंड लाल दिसायला लागलं. गालांवर, नाकावर. ती म्हणायची, "उनाचा लागतंय मना. बसस्टॉपला सावलीच नाय." आम्ही बायका आपल्या, कोरफड लाव, मुलतानी माती लाव. आम्हाला कुठं काय कळतंय! बोटं दुखतात म्हणायची, झाकणं उघडायला पीएचडीच्या मुलीला हाक मारायची.

एकदा दिल्लीहून पाहुणे येणार होते. सर लॅबमधून फेरी मारत होते, टेबलं पुसली का, टाय सरळ आहे का. जयश्रीसमोर थांबले. त्या एका वेळी त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं असेल. म्हणाले, "पाहुणे येणारेत. तोंडाला काय फासलंयस ते धुऊन ये." ती गेली, साबणानं चोळचोळून तोंड धुतलं आणि परत आली ती आणखीच लाल होऊन. "अजून तसंच आहे. तू आज आतच थांब," असं सांगून साहेब कॉन्फरन्स रूममध्ये गेले. दाराच्या फटीतून आम्हाला ऐकू येत होतं. लांडगा झाला. दुसरी स्लाइड झाली. "बघायला शिका. हा आजार तोंडावर लिहिलेला असतो." टाळ्या. असल्या माणसाला काय म्हणायचं, सांगा? माझ्याकडे शब्द आहेत, पण ते माथाडी भाषेतले आहेत.

मग एके दिवशी जयश्री आली ती पाय सुजवून. चपलेचा पट्टा लागत नव्हता. डोळ्यांखाली फुगलेलं. दुपारी फ्रीझरपाशी उभ्या उभ्या कोसळली. आम्ही ‘गाडी’लाच हाक मारून तिला खारघरच्या हॉस्पिटलात नेलं. (‘गाडी’चं नाव सुरेश. लिहून ठेवते.) तिथे एका तरुण डॉक्टरणीनं तिचा चेहरा बघितला, पाय दाबून बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "लुपसची टेस्ट कधी केली होती का?" किडनीचा तुकडा काढून तपासला. लुपसच. किडनीला चांगलाच चावलेला. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती खराब झाली ते सांगणारा आकडा, वर गेलेलं. डॉक्टरीण दिलीपला म्हणाली, "थोडं आधी कळलं असतं तर औषधावर किडनी पूर्ण वाचली असती. आता जेवढी वाचेल तेवढी वाचवू." दिलीप माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, ही तर त्याच आजाराच्या लॅबमदी काम करतंय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते हिरवा फोटो पुसत होते. मी सांगितलं, "सर, जयश्रीला लुपस निघालाय. किडनी गेलीय अर्धी."

सरांचा रुमाल थांबला. तोंड उजळलं. हो, उजळलंच, मी समोर उभी होते. "म्हणजे नऊ नंबर!" ते म्हणाले.

कपाट उघडलं नाही, काही बघितलं नाही, आठवायला क्षणसुद्धा लागला नाही. नंबर तोंडपाठ होता. या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की नऊ नंबर म्हणजे जयश्री. तिलाच तिच्या रक्तावरून फैलावर घेताना माहीत होतं. ओळ पुसताना माहीत होतं. तोंड धुऊन ये म्हणताना माहीत होतं. आणि साहेब माझ्या बाजूनं निघून फ्रीझरकडे जवळजवळ पळत गेले. आजार दिसायच्या आधीपासूनचं, एकाच माणसाचं, दर काही महिन्यांनी घेतलेलं सिरम! लुपसवाल्यांना असं घबाड शोधून सापडत नाही. जो आउटलायर ग्राफ घाण करत होता तोच आता सोन्याचा झाला.

सर हॉस्पिटलात आले. कुणाही पेशंटला भेटायला त्यांनी उभ्या आयुष्यात पाय उचलला नसेल, पण इथे स्वतः आले, हातात बर्फाची पेटी. मी बिनमिठाची खिचडी घेऊन बसले होते. त्यांना बघून जयश्री धडपडत उठायला लागली. "सर आलं! दिलीप, खुर्ची दे रं सरांना." ती हरखली होती हो! तिला वाटलं, सर बघायला आले. सर बसले नाहीत. पलंगाच्या पायाशी लटकवलेली फाइल काढून वाचली. "क्लासिक," म्हणाले.

मग फाइलकडेच बघत बोलायला लागले. "जयश्री, तुझी सगळी जुनी सँपल्स माझ्याकडे आहेत. आजाराच्या आधीपासूनची. जगात फार थोड्यांकडे असलं मटेरियल असेल. तुझी सही लागेल, आणि आजची एक ट्यूब."

"आजाराच्या आदी?" जयश्री म्हणाली. "म्हंजे तवा त्यात काय दिसत व्हता का, सर?"

"दिसत होतं तर! पहिल्यापासून. अतिशय सुंदर चढता ग्राफ आहे."

तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतलं गेलं. दिलीप पुढे झाला. "मंग सांगला का नाय?"

"टेक्निकली ती तेव्हा नॉर्मल होती," सर म्हणाले. "लक्षणं रिपोर्ट झालेली नव्हती."

"रोज तुमच्या म्होरं उबी व्हती मी, सर," जयश्री हळूच म्हणाली. सरांनी घड्याळाकडे बघितलं. तेव्हा ती म्हणाली, "सही नाय देनार मी. आनि माझा जेवढा रक्त हाय तिथं, तेवढा सगला टाकून द्या."

सरांना आधी ते कळलंच नाही. मग म्हणाले, "इमोशनल होऊ नकोस," आणि बर्फाची पेटी उचलून निघाले. जाताना मला म्हणाले, "कदम, औषधांमुळे होतं असं. दोन दिवसांनी विचारा."

विचारायला मलाच पाठवत राहिले. तुमचं ऐकेल ती म्हणे. पेपरात तिचं नाव घालतो म्हणे. शेवटी हुकमाचा पत्ता काढला, तिला परमनंट करतो, सही दे म्हणावं. इतकी वर्षं जी सही करायला विसरायचे, ती आता लगेच करायला तयार! मी तो निरोप तिला सांगितला, लपवला नाही, कारण पोट तिचं होतं. औषधं आयुष्यभराची, दोन मुली शाळेत, दिलीपच्या कारखान्यात शिफ्टा कमी झालेल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, नोकरी गेली तर दुसरी बगन. पन ह्ये माझ्या जिवाचा हाय. त्यांना त्याची टाली नाय घेऊ देनार."

सर एथिक्स कमिटीकडे गेले. तिथल्या अध्यक्ष एक निवृत्त वकीलबाई. त्यांनी एवढंच विचारलं, "रक्त घेताना परवानगी घेतली होती का?" सर म्हणाले, "स्टाफच आहे आमचा." बाई म्हणाल्या, "मग प्रश्नच मिटला. ती म्हणते तसं करा."

सँपल्स नष्ट करायच्या दिवशी जयश्री स्वतः आली. स्टेरॉइडनं तोंड फुगलेलं, टोपी, मास्क, पूर्ण बाह्या. आमच्याकडे असलं सगळं ऑटोक्लेव्हमध्ये जातं. मोठा प्रेशर कुकरच म्हणा, वाफेनं सगळं निकामी करतो. नव्या टेक्निशियनचे हात चालेनात. जयश्रीनं ग्लोव्ह्ज मागितले. फ्रीझरमधून नऊ नंबरच्या कुप्या एकेक काढल्या, पिशवीत घातल्या, पिशवी आत ठेवली आणि झाकणाचे नट आवळायला लागली. बोटं वळत नव्हती तर मनगटानं आवळले. आम्ही कुणी मध्ये पडलो नाही. तिनं बटण दाबलं आणि स्टूल ओढून बसली, शिटी होऊन काटा खाली येईपर्यंत.

सर काचेच्या दाराबाहेर उभे होते. मी बाहेर आले तर काय, सर रडत होते! टाय छातीवर, गालांवरून पाणी. पेढेवाल्या बापापुढे नाही, जयश्रीच्या पलंगाशी नाही, इथे, त्या कुकरपुढे. क्षणभर मला वाटलं, कदम, तुझंच चुकलं असेल, असेल बाबा आत कुठेतरी काहीतरी. तेवढ्यात ते म्हणाले, "कदम, कल्पना आहे का तुम्हाला, काय मटेरियल गेलं ते?" मला त्यांची इतकी किळस आली की मी दोन पावलं मागे सरकले.

जयश्री ग्लोव्ह्ज काढून बाहेर आली. लिफ्टकडे निघाली तसे सर तिच्या मागे. खिशातून रिकामी ट्यूब काढली. "निदान आजची एक तरी," म्हणाले. "एकच. आता तर सगळं कळलंय, आता काय हरकत आहे?"

ती वळली. मास्क खाली ओढला. ते सुजलेलं, डागाळलेलं तोंड त्यांच्यापुढे धरलं. "सर, इतकी वर्सं झाली," ती म्हणाली. "एकदा तरी इचारा ना मना, जयश्री, तू कशी हाईस."

मी बघत होते. सरांनी खरंच प्रयत्न केला. तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या घालून काहीतरी शोधत होते.

"क्रिएटिनिन किती आहे?" त्यांनी विचारलं.

लिफ्ट आली. जयश्री आत गेली. आकडा तिनं सांगितला नाही.